पैसा त्यांचा, शाळा सरकारी, मुलं आपली: भिलवाड्याच्या इम्पॅक्ट बॉन्डचं प्रकरण

आधी हे लिहायची वेळ का आली ते सांगते. बडोद्यात आमचा एक छोटासा मराठी ट्रस्ट आहे, दांडिया बाजारच्या बाजूला, नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांमधल्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवतो, सगळं देणग्यांवर. मध्यंतरी एका मध्यस्थ संस्थेचा प्रस्ताव आला, की तुमच्या वर्गांसाठी तीन वर्षांचे पैसे एकदम उभे करून देतो, पैसे घालणारा खाजगी असेल, मुलं खरोखर वाचायला शिकली तर तिसराच कुणीतरी त्याला मुद्दल आणि वर परतावा देईल, नाही शिकली तर त्याचे बुडाले, ट्रस्टला काहीच तोशीस नाही. या व्यवस्थेला इम्पॅक्ट बॉन्ड म्हणतात. निकालाचे पैसे सुरुवातीला एक फाउंडेशन देणार, पुढे ते काम महापालिकेनं घ्यावं अशी त्यांची इच्छा. अध्यक्ष अप्पा ऐकून म्हणाले, "अगं मग अडलंय कुठे, सही करून टाक." मी खजिनदार, नोकरी सगळी ऑडिटात गेली, फुकटचा पैसा दिसला की मी आधी व्हाउचर शोधते. प्रस्तावात दर दुसऱ्या पानावर भिलवाड्याचा दाखला होता, तर म्हटलं आधी तेच प्रकरण मुळापासून बघू आणि ट्रस्टींपुढे ठेवू. तेच इथे टाकतेय, कारण असे प्रस्ताव आता बऱ्याच संस्थांकडे येणार आहेत.

तर भिलवाडा, राजस्थान. एज्युकेट गर्ल्स ही संस्था सफीना हुसैन यांनी २००७ मध्ये सुरू केली, काम शाळाबाह्य मुलींना शोधून पटावर आणायचं आणि सरकारी शाळेतच जाऊन मुलांना वाचन-गणिताचा हात द्यायचा, गावातलेच स्वयंसेवक धरून, त्यांना टीम बालिका म्हणतात. २०१५ मध्ये भिलवाडा जिल्ह्यातल्या त्यांच्या कामासाठी तीन वर्षांचा डेव्हलपमेंट इम्पॅक्ट बॉन्ड उभा राहिला, शिक्षणातला जगातला पहिलाच. पैसे घातले यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशननं, म्हणजे यूबीएस या स्विस बँकेची धर्मादाय शाखा, साधारण २ लाख ७० हजार डॉलर. निकाल आल्यावर पैसे द्यायचे कबूल केलं लंडनच्या चिल्ड्रन्स इन्व्हेस्टमेंट फंड फाउंडेशननं, करार आखायला इन्स्टिग्लिओ, मुलांची तपासणी करायला आयडीइनसाइट. एवढ्या सगळ्यांत राजस्थान सरकार पैसे देणाऱ्यांत नव्हतं. शाळा सरकारच्या, मास्तर सरकारचे, इमारत सरकारची, आणि कामाचा पैसा पूर्ण खाजगी. ही गोष्ट लक्षात ठेवा, सगळं प्रकरण पुढे याच्यावरच फिरतं.

नावात बॉन्ड आहे म्हणून आमचे एक ट्रस्टी, भाऊ, त्यांना वाटलं आपल्या महापालिकेनं काढला तसाच असणार. बडोदा महापालिकेनं २०२२ च्या मार्चमध्ये पाणी-ड्रेनेजच्या कामांसाठी १०० कोटींचा बॉन्ड काढला, ७.१५ टक्के, ५ वर्षांचा. त्यात पाइप गळका निघाला काय किंवा प्लांट उशिरा झाला काय, व्याज ठरल्या तारखेला द्यावंच लागतं आणि ते करातून जातं. भिलवाड्याचं उलटं आहे, तिथे निकाल शून्य तर पैसेही शून्य, पैसे घालणाऱ्यानं जोखीम घेतलीय म्हणून त्याला परतावा. निदान कागदावर तरी. कारण न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगात असाच प्रयोग झाला होता, तुरुंगातली पोरं सुटल्यावर पुन्हा आत येऊ नयेत म्हणून, गोल्डमन सॅक्स या बँकेनं ७२ लाख डॉलर घातले, पुन्हा आत येणं काही कमी झालं नाही, २०१५ मध्ये कार्यक्रम बंद, शहरानं एक पैसा दिला नाही, हे सगळं ठीक, पण त्यातल्या ६० लाखांना ब्लूमबर्गच्या धर्मादाय संस्थेची हमी होती, म्हणजे बँकेचं नुकसान १२ लाख. जोखीम घेतली म्हणून परतावा मागणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा, तुझा जामीन कोण?

आता निकाल कसा मोजायचा ठरलं ते बघू, कारण यात त्यांनी काम चोख केलंय आणि ते कबूल केलं पाहिजे. पैशातला ८० टक्के हिस्सा शिकण्यावर, २० टक्के पटनोंदणीवर. शिकणं म्हणजे तिसरी ते पाचवीच्या मुलांचं हिंदी, इंग्रजी आणि गणित, असरच्या चाचणीनं. असर म्हणजे प्रथम संस्थेची ती एका कागदावरची चाचणी, अक्षर येतं का, शब्द येतो का, परिच्छेद येतो का, गोष्ट वाचता येते का. मूल एक पायरी चढलं की एक गुण. पण नुसतं चढून भागत नाही, गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटली होती, निम्म्या गावांत काम केलं आणि निम्म्यांत नाही, आणि काम न केलेल्या गावांतली मुलं आपोआप जेवढी चढली तेवढं वजा करून जे उरलं त्याचेच पैसे. कामाच्या बाजूला १६६ शाळा, सुमारे ७,३०० मुलं.

पहिलं वर्ष संपलं तेव्हा शिकण्याचं तीन वर्षांचं टार्गेट एक चतुर्थांशसुद्धा गाठलेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षाअखेर जेमतेम निम्मं. तिसऱ्या वर्षी मात्र गाडी अशी सुटली की टार्गेट होतं ५,५९२ पायऱ्यांचं आणि झाल्या ८,९४०, म्हणजे १६० टक्के. त्या शेवटच्या वर्षात कामाच्या शाळांमधली मुलं दुसऱ्या गटाच्या तुलनेत ७९ टक्के जास्त शिकली. पटनोंदणीत यादीतल्या ८३७ शाळाबाह्य मुलींपैकी ७६८ शाळेत आल्या, ९२ टक्के, टार्गेट ७९ होतं. २०१८ च्या जुलैत निकाल जाहीर झाला, यूबीएस ऑप्टिमसला मुद्दल आणि वर्षाला १५ टक्के परतावा, एकूण सुमारे ४ लाख २२ हजार डॉलर. १५ ही करारातली कमाल मर्यादा होती, त्यामुळे १६० टक्क्यांतला वरचा बराच भाग कुणाला पैसे न पडता आला, आणि परताव्यातला काही हिस्सा एज्युकेट गर्ल्सलाही दिला गेला.

आमच्या बैठकीत भाऊंनी इथेच बोट ठेवलं. दोन वर्षं निम्मं आणि शेवटच्या एका वर्षात आधीच्या दोन्ही वर्षांच्या दुपटीहून जास्त? ऑडिटातला माणूस असं कर्व्ह बघितलं की खुर्चीत सरळ बसतो, मीही बसले. पण नीट वाचल्यावर मला ते पटलं. दोन वर्षांचे कमी आकडे समोर आल्यावर संस्थेनं काम करण्याची पद्धतच बदलली, जी मुलं शाळेत येत नव्हती त्यांच्या घरी जायला लागले, इयत्तेप्रमाणे नाही तर ज्याला जेवढं येतं त्याप्रमाणे छोटे गट केले, तासिका वाढवल्या. आणि चाचणी घेणारे त्यांच्या पगारावरचे नव्हते, शिवाय दुसऱ्या गटातली गावं होतीच की तुलनेला. खोटं घुसवायचं तर दोन्हीकडे घुसवावं लागलं असतं. सरकारी योजनांमध्ये एवढी तपासणी मी नोकरीत असताना क्वचित बघितली, आपल्याकडे "लाभार्थी संख्या" लिहिली की काम झालं. आणि तपासणीचा अख्खा अहवाल त्यांनी सगळ्यांना वाचायला उघडा ठेवलाय.

तुलनेचा गट नसला की काय होतं त्याचं उदाहरण अमेरिकेत यूटामध्ये आहे. तिथे बालवाडीसाठी असाच करार, पैसे पुन्हा गोल्डमनचे, ११० मुलांना पुढे स्पेशल शिक्षण लागणार असं आधीच्या एका चाचणीवरून गृहीत धरलं, प्रत्यक्षात एकालाच लागलं, म्हणून १०९ मुलांच्या हिशोबानं पैसे. २०१५ मध्ये तज्ज्ञांनी विचारलं की बाबांनो, त्या ११० मधल्या बऱ्याच मुलांना तसंही ते लागणार नसेल तर? ती चाचणी मुळात त्या कामासाठी बनवलेलीच नव्हती. पण पैसे तर जाऊन बसले होते.

भिलवाड्यात ती गफलत नाही. तरी करारात काय मोजलं नाही तेही बघावं लागतं. शाळाबाह्य मुलीचं नाव पटावर आलं की पैसे, ती पुढे हजर राहते का त्याचे वेगळे पैसे नव्हते. पटनोंदणीची तुलना दुसऱ्या गटाशी नव्हती, तेव्हा त्या ९२ टक्क्यांत गावातल्या मास्तरांचा किती वाटा, शासनाच्या मोहिमेचा किती, हे वेगळं काढता येत नाही. आणि असरचं वाचन दुसरीच्या पातळीच्या गोष्टीवर थांबतं, ज्या मुलीला ती गोष्ट आधीच वाचता येते तिच्यापासून वाचनात एकही गुण मिळायचा नाही, मग पाचवीतली हुशार पण गरीब पोरगी या हिशोबात कुठेच येत नाही. कुणी वाईट वागलं असं मी म्हणत नाहीये, पण पैसे ज्याच्यावर मिळतात तिकडे माणसाचे हात आपोआप जातात. इंग्लंडात १८६२ मध्ये शाळांना ग्रँट अशीच निकालावर द्यायला लागले होते, हजेरीचे चार शिलिंग, परीक्षेचे आठ, वाचन-लेखन-गणितात एकेक नापास विषयाला दोन शिलिंग आठ पेन्स कापायचे, आणि मग पोरं धडा पाठ करून इन्स्पेक्टरसमोर पुस्तक उलटं धरून म्हणतायत असे किस्से निघाले. मुंबई इलाख्यातही ग्रँट निकालावर होती. दीडशे वर्षांनी तीच कल्पना नवा कोट घालून आली तर आपण निदान ओळख तरी दाखवावी.

पण माझा खरा मुद्दा मोजण्याचा नाहीच. मोजणं त्यांना छान जमलं. मुद्दा हा, की हा हिशोब कुणाला दिला?

योगायोग बघा, जिल्हा भिलवाडा. माहिती अधिकाराची चळवळ ज्या मध्य राजस्थानात उभी राहिली तोच हा पट्टा. मजदूर किसान शक्ती संघटनेनं २ डिसेंबर १९९४ ला पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी पहिली जनसुनवाई घेतली, पंचायतीची मस्टर रोल, म्हणजे मजुरांचे हजेरीपट, आणि बिलं चारचौघांत मोठ्यानं वाचली आणि ज्यांच्या नावावर मजुरी निघाली होती तेच समोर बसलेले, "मी तर त्या कामावर गेलोच नाही". १९९६ मध्ये ब्यावरला ४० दिवसांचं धरणं. घोषणा होती, हमारा पैसा, हमारा हिसाब. आणि ऑक्टोबर २००९ मध्ये खुद्द भिलवाडा जिल्ह्यातल्या ११ ग्रामपंचायतींमध्ये रोजगार हमीचं मोठं सोशल ऑडिट झालं, म्हणजे कामाचा हिशोब लोकांनीच तपासला, पदयात्रा काढून, गावागावांत जाऊन. म्हणजे इथल्या माणसाला हिशोब मागायचा कसा हे शिकवायची गरज नव्हती. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात तर कलम १७ च होतं, सोशल ऑडिट ग्रामसभेनं करायचं.

मग सहा वर्षांनी त्याच जिल्ह्यात हा बॉन्ड येतो आणि ती घोषणा अर्ध्यातच अडखळते. पैसा "हमारा" नाही ना. लंडनच्या फाउंडेशननं झुरिकच्या फाउंडेशनला दिला. माहिती अधिकारात संस्था यायची तर तिला सरकारचा भरीव पैसा लागतो, कलम २(ज), इथे या कामापुरता तो शून्य. शिक्षण खात्याबरोबर संस्थेचा एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, असतो तो मागता येईल, पण गुंतवणूकदार आणि पैसे देणारा यांच्यातला करार खात्याच्या फायलीत असायचं काही कारणच नाही. तपासणीचा अहवाल उघडा आहे हे वर म्हटलंच, पण तो इंग्रजीत, आणि तो मुळात पैसे द्यायचे की नाही हे ठरवण्यासाठी लिहिलेला, भिलवाड्यातल्या मांडलमधल्या कुठल्या आईला तिच्या पोरीबद्दल काय कळलं यासाठी नाही. आणि दुसऱ्या गटातली गावं, तिथल्या मुलांची तीन वर्षं चाचणी होत राहिली आणि त्या तीन वर्षांत काम मात्र आलं नाही. शास्त्र म्हणून ते बरोबर आहे, मी वर त्याचं कौतुकच केलंय, पण त्या गावांना "तुम्ही यात का आहात" हे सांगायची जबाबदारी करारातल्या कुणाच्या नावावर दिसत नाही.

यावर अप्पांचं म्हणणं असं, आणि त्यात दम आहे, की अगं परक्याचा पैसा, परक्याची जोखीम, काम झालं, मुलं शिकली, मग गावाला हिशोब कशाचा द्यायचा? देवळाला कुणी कळस चढवला तर आपण त्याची पासबुकं मागतो का? मी म्हटलं अप्पा, कळसाचं ठीक आहे, इथे शाळेचा तास दिलाय. सरकारी शाळेतला वर्ग, वेळ, मुलांच्या चाचण्या, पटाची रजिस्टरं, हे पैशात मांडलं नाही म्हणून फुकट होत नाही. मास्तरचा पगार राजस्थानच्या करदात्यानं दिला. त्या वेळेचा वापर कशासाठी होतोय, कुठली पायरी महत्त्वाची धरली, हे ठरवलं करार करणाऱ्यांनी. आणि विचारायला जागा कायद्यात आहेच की, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ची शाळा व्यवस्थापन समिती, तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका. एज्युकेट गर्ल्स या समित्यांबरोबर काम करते. पण निकाल मंजूर करण्याच्या साखळीत समितीला खुर्ची नाही. सही आयडीइनसाइटची, पैसे लंडनचे.

आणि पैसे देणारा जेव्हा सरकार होतो तेव्हा काय? तीच पुढची पायरी आहे सगळ्यांच्या डोक्यात. पिंपरी-चिंचवड महापालिकेनं डिसेंबर २०२० मध्ये यूएनडीपीबरोबर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाबरोबर, आरोग्यसेवेच्या सोशल इम्पॅक्ट बॉन्डसाठी सामंजस्य करार केला. तिथे "हमारा पैसा" पुन्हा जागेवर येतो, बजेटमध्ये येतो, ऑडिटमध्ये येतो. पण ऑडिटर काय तपासणार? साध्या टेंडरात वस्तू किती, दर काय, बिल किती ते जुळवतो. इथे बिलावर लिहिलेलं असणार "निकाल मिळाला", दर ठरलाय तीन वर्षांपूर्वी, आणि निकाल मिळाल्याचं सर्टिफिकेट तिसऱ्या खाजगी संस्थेचं. त्याच्या मागे जायला ऑडिटरकडे ना वेळ ना अधिकार, जर करारातच तो लिहून घेतला नसेल तर. नगरसेवकाला विचारावं तर तो म्हणणार तीन वर्षांपूर्वीच्या बोर्डानं केलंय. वर्षाला १५ टक्के देणं योग्य का हा प्रश्न पैसे परदेशी फाउंडेशनचे असताना त्यांच्यापुरता आहे, महापालिकेचे असताना तो घरपट्टी भरणाऱ्या प्रत्येकाचा होतो. आणि करार आखायचा, देखरेखीचा आणि तपासणीचा खर्च भिलवाड्यात त्या निकालाच्या पैशांच्या बाहेर होता, तो कोण भरणार?

बडोद्यात बसून हे लिहिताना सयाजीराव आठवणारच. १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, प्रयोग म्हणूनच, थोड्या गावांत, आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात कायदा, मुलगे ७ ते १२, मुली ७ ते १०. मुलाला नाही पाठवलं तर आईबापांना दंड. गोखल्यांनी १९११ मध्ये कलकत्त्याच्या कौन्सिलात आपलं बिल मांडलं तेव्हा बडोद्याचं उदाहरण पुढे केलं होतं. आता महाराज काही निवडून आलेले नव्हते, त्या दंडाबद्दल गरीब कुणब्याला कुणी विचारलं नव्हतं, तेव्हा ते लोकशाहीचं उदाहरण म्हणून मी देत नाहीये, आमच्या मंडळात सयाजीरावांचं नाव निघालं की लोक लगेच हात जोडतात म्हणून आधीच सांगून टाकते. एवढंच की प्रयोग चुकला असता तर कुणाच्या दारात जायचं हे अमरेलीतल्या माणसाला माहीत होतं. भिलवाड्यातल्या माणसानं कुठे जायचं, जिल्हा शिक्षणाधिकारी, जयपूर, झुरिक की लंडन?

एवढं सगळं वाचून मी ट्रस्टींपुढे नकार ठेवला नाही. पैसे लागतात हो, देणग्यांवर वर्ग कसे चालतात ते माझी वही सांगते, आणि दुसऱ्या वर्षाचे कमी आकडे बघून काम बदलण्याची जी शिस्त भिलवाड्यात आली ती आम्हालाही हवीय, आमच्याकडे वर्षानुवर्षं "मुलांची प्रगती समाधानकारक" एवढंच लिहिलं जातं. म्हणून मध्यस्थांना पत्र पाठवलं. करार आणि दर, गुंतवणूकदाराला किती परतावा मिळू शकतो ते आकड्यात, मराठी आणि गुजरातीत, सही करण्याआधी प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापन समितीत वाचून दाखवायचं. काय मोजायचं यात समितीनं सुचवलेली निदान एक गोष्ट धरायची, आमच्या वर्ग घेणाऱ्या ताईंचा अंदाज आहे की आया हजेरी म्हणतील. निकालाचा कागद पैसे सुटण्याआधी समितीपुढे, आणि हरकत आली तर तिचं लेखी उत्तर. तुलनेचा गट करायचा तर त्या शाळांना आधी सांगायचं आणि तीन वर्षांनी वर्ग तिथेही न्यायचे, त्याचे पैसे आत्ताच बाजूला काढायचे. महापालिका पैसे देणार असेल त्या दिवसापासून तिच्या ऑडिटरला तपासणीची मूळ कागदपत्रं उघडी, हे करारातच.

भाऊंना हे फार वाटलं. "एवढ्या अटी घातल्या तर येणारा पळून जाईल, आणि वाचून दाखवायला समितीत येतंय कोण, मीटिंगला चार माणसं नसतात." ते खरं आहे, नसतात. पण त्या मीटिंगमध्ये आजवर ठरवण्यासारखं काही आलंच नाही, रंगरंगोटी आणि पाण्याची टाकी सोडून.

मध्यस्थांचं उत्तर आलंय. हजेरी मोजायला तयार, तुलनेच्या शाळांना नंतर वर्ग द्यायलाही तत्त्वतः तयार, ऑडिटरचं "योग्य वेळी पाहू". परताव्याचा आकडा समितीत वाचायला मात्र नाही म्हणाले, गुंतवणूकदाराबरोबर गोपनीयतेचं कलम आहे म्हणे. आम्ही उलट लिहिलंय की भिलवाड्याचे १५ टक्के सगळ्या जगाला माहीत आहेत आणि त्यानं कुणाचं काही बिघडलेलं दिसत नाही, तर ते कलम काढा, बाकीचं बसून बोलू. अप्पांनी तूर्त सहीचा विषय पुढच्या बैठकीवर ढकललाय.